१९४२ मध्ये कम्युनिस्ट ‘चले जाव’च्या विरोधात का गेले?

अमरावती जिल्ह्यातल्या दोन गावांच्या नावात आजही ‘शहीद’ हा शब्द आहे: यावली शहीद आणि बेनोडा शहीद. ऑगस्ट १९४२ मध्ये इथले लोक इंग्रजांविरुद्ध उठले आणि पोलिसांच्या गोळीबारात काहींचा जीव गेला. यावली हे तुकडोजी महाराजांचं जन्मगाव. त्याच महिन्यात महाराजांनाही अटक झाली. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी तुरुंगात गेले.

पण इंग्रजांशी वर्षानुवर्षं लढलेला कम्युनिस्ट पक्ष या आंदोलनात नव्हता. असं का झालं?

आधी भूमिका काय होती?

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा कम्युनिस्टांनी त्याला साम्राज्यवाद्यांचं युद्ध म्हटलं. त्याच ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी युद्धाविरोधात एक दिवसाचा संप केला. अनेक नेते तुरुंगात गेले.

मग काय बदललं?

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत रशियावर हल्ला केला. रशिया आणि ब्रिटन एका बाजूला आले. काही महिन्यांतच पक्षाने या युद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हणायला सुरुवात केली. जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरची १९३४ पासूनची बंदी उठवली.

वाद नेमका कशावर होता?

स्वातंत्र्य दोघांनाही हवं होतं. प्रश्न होता, आधी कोणाशी लढायचं? काँग्रेसचं म्हणणं, गुलाम देश फॅसिझमविरुद्ध मनापासून लढूच शकत नाही. कम्युनिस्टांचं म्हणणं, जपान ब्रह्मदेशापर्यंत आलाय. अशा वेळी रेल्वे आणि तारा तोडल्या तर फायदा जपानचाच होईल. गांधीजींना सोडा आणि राष्ट्रीय सरकार बनवा, ही मागणी मात्र त्यांनीही केली.

८ ऑगस्टला मुंबईत ‘चले जाव’च्या ठरावाविरोधात १३ मतं पडली. विरोध करण्याचं धैर्य दाखवल्याबद्दल गांधीजींनी त्या सदस्यांचं अभिनंदन केलं.

कटुता का वाढली?

गावोगावी गोळ्या झेलणाऱ्यांना ही भूमिका इंग्रजधार्जिणी वाटली. दुसरीकडे कम्युनिस्टांनी सुभाषचंद्र बोस यांना जपानचे हस्तक ठरवलं. १९४५ मध्ये काँग्रेसने आपल्या समित्यांमधून कम्युनिस्टांना बाहेर काढलं.

युगोस्लाव्हियात याच काळात टिटोंचे कम्युनिस्ट आणि मिहाइलोविच यांचे चेतनिक एकमेकांवरच बंदुका चालवत होते. आपल्याकडे भांडण त्या थराला गेलं नाही.

पुढे काय झालं?

साताऱ्यात प्रतिसरकार चालवणारे क्रांतिसिंह नाना पाटील पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. बेचाळीसचे भूमिगत एस. एम. जोशी आणि कम्युनिस्ट नेते डांगे संयुक्त महाराष्ट्रासाठी एकत्र लढले. १९८९ मध्ये अमरावतीने भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख यांना खासदार केलं.

तरीही ‘बेचाळीसला तुम्ही कुठे होता?’ हा प्रश्न कम्युनिस्टांना आजही विचारला जातो.