वस्ताद : एका मानाची कुळकथा

बास्केटबॉलचा जन्म 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी झाला आणि त्या खेळाचं कीर्तिदालनही त्याच गावात आहे. जेम्स नेस्मिथ यांच्या नावाच्या या दालनात 1959 पासून खेळाडूंना आणि प्रशिक्षकांना मानानं दाखल करून घेतात, पण दोघांची दारं वेगळी. जॉन वुडन आधी खेळाडू म्हणून आत गेले आणि 1973 मध्ये प्रशिक्षक म्हणून पुन्हा. दोन्ही दारांनी गेलेले ते पहिले. बिल रसेल यांना खेळाडूचा मान 1975 मध्ये मिळाला, प्रशिक्षकाचा मिळायला 2021 उजाडलं. लातूर-नांदेडकडच्या कुस्तीला असं दालन नव्हतं. तिच्याजवळ एक शब्द होता, वस्ताद. त्या शब्दानंच इथं कीर्तिदालनाचं काम केलं आणि लढणाऱ्याला व लढवणाऱ्याला एकाच उंबऱ्यातून आत घेतलं, असं माझं म्हणणं आहे.

मूळ शब्द फारसी, उस्ताद. बहमनी काळापासून दख्खनच्या दरबारांत फारसीचा वावर होता, आणि लातूर-नांदेड तर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यातच होतं. गाण्याच्या मैफलीत हा शब्द उस्तादच राहिला. तालमीच्या लाल मातीत मात्र त्याचा वस्ताद झाला आणि तो पक्का मराठी झाला. लहुजी साळवे (1794-1881) यांच्या नावात तर तो असा मुरला आहे की मराठवाड्यातल्या गावोगावच्या जयंतीत लोक ‘लहुजी वस्ताद’ असंच म्हणतात. पुढं या शब्दाला बेरकीपणाचा अर्थही चिकटला. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, ही म्हण त्याच्या मुळाशी असावी असं मला वाटतं. कुस्तीतले बाकीचे किताब वेगळ्या जातीचे. रुस्तुम फिरदौसीच्या शाहनाम्यातला वीर, केसरी संस्कृतातला सिंह. ते एका दुपारी, एका जोडीला चितपट करून मिळतात. वस्ताद हा किताब कुठल्याच स्पर्धेत ठेवलेला नसतो. हाताखाली पठ्ठे तयार झाले की लोक तसं म्हणू लागतात. आणि तो मान जाहीर होतो आखाड्यातच. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल भरते. अशा दंगलीत हलगी कडाडत असताना मल्लाचं नाव, गाव, तालीम पुकारली जाते आणि पाठोपाठ ‘अमुक वस्तादांचा पठ्ठा’ हेही येतं. शिष्य जितक्या वेळा मातीत उतरेल तितक्या वेळा गुरूचा मान नव्यानं जाहीर होतो.

याचा सगळ्यात भक्कम दाखला म्हणजे हरिश्चंद्र बिराजदार. गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा. 1969 ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातूरला भरली आणि या घरच्या मल्लानंच ती मारली. पुढच्याच वर्षी एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना सुवर्णपदक मिळालं. रुस्तुम-ए-हिंद हा किताबही त्यांच्या नावामागे लागला आणि 2006 चा ध्यानचंद पुरस्कारही. एवढ्यावर ते थांबले असते तर अभिलेखात एक थोर मल्ल म्हणून राहिले असते. पण पुण्यातल्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली, आणि पोरं त्यांना मामा म्हणू लागली. त्यांचे शिष्य काका पवार, तेही लातूरचे, अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले आणि पुढं स्वतः वस्ताद झाले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे आधी बिराजदारांकडे, मग पवारांकडे शिकला. बिराजदार 2011 मध्ये गेले. 2018 मध्ये गोल्ड कोस्टला राहुलनं राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकलं आणि ते दिवंगत गुरूला अर्पण केलं. गुरूच्या पदकापासून शिष्याच्या पदकापर्यंत 48 वर्षं गेली, आणि मधली सात वर्षं गुरू हयातही नव्हते. भिंतीवरच्या तसबिरीला हे साधत नाही.

यावर कुणी म्हणेल, तोंडी मानाचा भरवसा काय? ही हरकत खरी आहे. पठ्ठ्यांची पिढी संपली की पुकारा थांबतो आणि गावच्या वस्तादाचं नाव मातीत मिसळतं. स्प्रिंगफील्डला ते कोरलेलं राहतं. दुसरी हरकत त्याहून बोचरी आहे. तालमीचं दार मुलींना बंद होतं, म्हणून हा शब्दही पुरुषांपुरताच वापरात राहिला. महिलांची महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला 2023 उजाडलं. सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. कीर्तिदालन समितीच्या ठरावानं दार उघडू शकतं, शब्दाला मात्र समाजाची वाट पाहावी लागते. तरीही सरकारी पुरस्कारांनी तोंडी मानाची उणीव भरून निघते, हे मला पटत नाही. द्रोणाचार्य पुरस्कार 1985 मध्ये सुरू झाला आणि पहिल्या तिघांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, ही आनंदाची गोष्ट. पण असा पुरस्कार शिष्याची पदकं मोजतो. ज्यानं पोराला पहिला लंगोट बांधायला शिकवलं, पट काढायला शिकवला आणि मग पुण्या-कोल्हापूरला धाडलं, त्याचं नाव त्या अर्जात बसत नाही. पुकाऱ्यात ते बसायचं. म्हणून तालमींनी आपापल्या वस्तादांच्या नावांची वही आता घालावी, गावासकट आणि पठ्ठ्यांसकट. शब्द लिहिला म्हणून बाटत नाही.

राहता राहिला हरणाऱ्याचा प्रश्न. कीर्तिदालनं जिंकणाऱ्यांचीच असतात, असा समज आहे. जानेवारी 2020 मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली. हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे होते.