अवधच्या मुकुटाची कुळकथा

अवधच्या बादशाहीचा मुकुट रॉबर्ट होम या इंग्रज चित्रकाराने रेखाटला. 1814 पासून तो लखनौच्या दरबारी चाकरीत होता. मुकुट, सिंहासन, हौदे अशा सगळ्या राजवैभवाचे त्याने काढलेले नमुने आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ऑक्टोबर 1819 मध्ये लाल बारादरीत तो युरोपी वळणाचा मुकुट गाझीउद्दीन हैदरने घातला आणि नवाब-वजीर बादशाह झाला.

सादत खान 1722 मध्ये मुघलांचा सुभेदार म्हणून अवधला आला, तेव्हापासून हे घराणे दिल्लीचे नोकर म्हणवत होते. नाणीदेखील दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत. ते नाते तोडायची कल्पना गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जची. नेपाळच्या युद्धात कंपनीला दोन कोटींच्या घरात कर्ज याच नवाबाने दिले होते. आता त्याला राजपद देऊन दिल्लीचे वजन कमी करायचे होते. अट एकच: कंपनीशी असलेल्या संबंधांत तसूभरही फरक पडणार नाही.

ते संबंध 1801 च्या तहाने ठरले होते. निम्मा मुलूख कंपनीने घेतला होता, आणि उरलेल्या मुलखाचा कारभार कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच करण्याचे वचन लिहून घेतले होते. सल्ल्याने चालणाऱ्या राजाला इंग्लंडात संसदेचा आधार असतो. लखनौत संसद नव्हती, फक्त कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, होता. गादी कोणाची हेही तोच ठरवी. 1837 मध्ये गाझीउद्दीनची विधवा बादशाह बेगम हिने आपला नातू म्हणून मुन्ना जानला गादीवर बसवले, तर रेसिडेंट लो याने तोफा डागून त्याला उतरवले आणि वृद्ध मुहम्मद अली शाहला बसवले. त्याच बारादरीत.

आपल्याकडे प्रतापसिंह छत्रपतींशी कंपनीचा साताऱ्याचा तह झाला तो सप्टेंबर 1819 मध्ये, म्हणजे लखनौच्या राज्याभिषेकाच्या जेमतेम आधी. सातारा डलहौसीने 1848 मध्ये घशात घातला, अवध फेब्रुवारी 1856 मध्ये. साताऱ्यासाठी रंगो बापूजी लंडनला वर्षानुवर्षे झगडले. अवधचा शेवटचा बादशाह वाजिद अली शाह याची आई, मलिका किश्वर, हीदेखील न्याय मागायला लंडनला गेली आणि परतीच्या वाटेवर 1858 मध्ये पॅरिसला वारली. या दोघांच्या त्या खेपा वाचताना आजही गलबलून येते. वाजिद अली शाहने मात्र राज्य कंपनीच्या हवाली करणाऱ्या नव्या तहावर सही केली नाही. आपली पगडी काढून त्याने रेसिडेंट आउट्रमच्या हाती दिली आणि तो कलकत्त्याला गेला.

जुलै 1857 मध्ये कंपनीविरुद्ध उठलेल्या शिपायांनी वाजिद अलीच्या अल्पवयीन मुलाला, बिरजिस कद्रला, गादीवर बसवले. कारभार त्याची आई बेगम हजरत महल हिने हाती घेतला. हा राज्याभिषेक झाला तो दिल्लीच्या बादशहाचे स्वामित्व मान्य करून. हेस्टिंग्जने 1819 मध्ये तोडलेला धागा लखनौने स्वतःहून पुन्हा जोडला.