नावाची किंमत कोण ठरवतं?

आज वेबसाइटच्या नावांच्या, म्हणजे डोमेनच्या, बाजाराचा इतिहास पाहू.

सप्टेंबर १९९५ पर्यंत डॉट कॉम नाव फुकट नोंदवता यायचं. मग दोन वर्षांचे १०० डॉलर पडू लागले. १९९७ मध्ये 'बिझनेस डॉट कॉम' दीड लाख डॉलरला विकलं गेलं. दोनच वर्षांनी तेच नाव ७५ लाख डॉलरला गेलं!

हे आकडे वाचून मीही चाळीस नावं घेऊन ठेवली. सहा वर्षं नूतनीकरणाचे पैसे भरले. विकली गेली फक्त दोन, तीही पडेल भावात.

चुकलं कुठे? 'बिझनेस' हा रोजचा शब्द. तो हजारो धंद्यांना चालतो. माझी नावं मलाच आवडलेली. काही तर नामांकित कंपन्यांच्या नावांशी मिळतीजुळती! १९९९ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'च्या तक्रारीवरून 'रॅडिफ डॉट कॉम'चा वापर थांबवला होता. ते मी वाचलंच नव्हतं.

म्हणून नाव घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे किती जणांना उपयोगी पडेल? गिऱ्हाईक येईपर्यंत सांभाळायचा खर्च किती? आणि यावर आधीच कुणाचा हक्क आहे का?

भाव आपण सांगतो. किंमत मात्र गिऱ्हाइकाची गरज ठरवते.