कर्ण्यापासून वूफरपर्यंत: किती वॅट पुरेसे?

१/ माळेगावच्या यात्रेतील कर्णा मोजक्या वॅटवर माळभर ऐकू जाई. आज लातूरच्या एखाद्या बारा फुटी खोलीतील दर्जेदार स्पीकर मात्र शंभर वॅटचा अॅम्प्लिफायर मागतात. असे का? हे कोडे सुमारे शंभर वर्षांच्या इतिहासातून उलगडते. #थ्रेड

२/ आधी यंत्राविना काळ पाहू. माळेगाव हे नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातले गाव. मार्गशीर्षात तेथे खंडोबाची यात्रा भरते. जनावरांचा बाजार आणि तमाशाचे फड ही तिची ओळख. ध्वनिवर्धक नव्हता तेव्हा सारा फड कंठावर पेलला जाई. उंच पट्टीतले गाणे, झीलकऱ्यांची साथ, हलगीचा कडकडाट यांमागे कलेइतकीच गरजही होती: शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याची.

३/ १९१५ मध्ये जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाचे जाहीर प्रात्यक्षिक केले. १९१९ मध्ये सॅन डिएगो येथे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे भाषण त्याच यंत्रामुळे सुमारे पन्नास हजार लोकांना ऐकता आले. एका माणसाचा आवाज आणि अफाट जमाव यांचे नाते येथे कायमचे बदलले.

४/ त्या काळच्या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरची शक्ती तुटपुंजी होती. ती उणीव कर्ण्याने भरून काढली. दूरच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती हातांचा कर्णा करतो; तत्त्व तेच. छोट्या पडद्याचे कंपन रुंदावत जाणाऱ्या नळीतून बाहेरच्या हवेला सहज मिळते आणि शक्ती वाया जात नाही. म्हणून वीज नसलेल्या गावातही मोटारीच्या बॅटरीवर कर्णा वाजू शकतो.

५/ पण कर्ण्याची मर्यादा मोठी. भाषण, दवंडी, भजनाचे शब्द स्पष्ट ऐकू येतात. मृदंगाचा धुमा आणि संबळाचा घुमारा मात्र हरवतो. खालचे स्वर वाजवायला फारच लांबरुंद कर्णा लागतो. तो घरात ठेवणार कुठे?

६/ दुसऱ्या वाटेची पायाभरणी १९२५ मध्ये झाली. राइस आणि केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा पूर्वज ठरलेला, शंकूच्या आकाराचा पडदा असलेला स्पीकर सिद्ध केला. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांनी बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून ‘एआर-१’ हा स्पीकर बाजारात आणला. लहान पेटीतून खोल खर्ज मिळाला, पण त्याची किंमत शक्तीत मोजावी लागली.

७/ ती किंमत किती? स्पीकरची संवेदनशीलता एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर मोजतात. सभेच्या कर्ण्याची १०५ डेसिबल आणि घरगुती पेटीची ८५ डेसिबल धरू. फरक २० डेसिबल, म्हणजे शक्तीत शंभरपट! कर्णा एका वॅटवर जितका आवाज देतो, तितक्यासाठी या पेटीला शंभर वॅट लागतात.

८/ १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टरने ही शक्ती हळूहळू स्वस्त केली. आपल्याकडे दुकानांत जुळणी केलेल्या अनेक अॅम्प्लिफायरांत ‘टूएन-३०५५’ हा ट्रान्झिस्टर असे. रेडिओ दुरुस्त करणारे हात आता अॅम्प्लिफायर बांधू लागले.

९/ मग निवड कशी करावी? आधी स्पीकर पाहावा, मग अॅम्प्लिफायर. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असले, तरी काही स्वरांना त्याचा रोध ३-४ ओहमपर्यंत उतरतो. तेव्हा भरपूर विद्युतप्रवाह देणाराच अॅम्प्लिफायर टिकतो. तबल्याची थाप सरासरी आवाजाहून २० डेसिबल उंच जाऊ शकते, म्हणजे त्या क्षणी शंभरपट शक्ती लागते. लहान अॅम्प्लिफायर ताणला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि बिचारा ट्विटर जळतो. मोठ्या अॅम्प्लिफायरपेक्षा ताणलेला छोटा अॅम्प्लिफायर अनेकदा अधिक घातक ठरतो, तो असा.

१०/ मात्र शक्ती स्वस्त होताच मिरवणुकीत वूफरच्या भिंती उभ्या राहिल्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील ध्वनिवर्धकबंदी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये उचलून धरली. राखीव शक्ती स्वच्छ आवाजासाठी असते. कानठळ्या बसवण्यासाठी नव्हे.

११/ झीलकऱ्यांना शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचे होते. आज पोहोचणे सोपे झाले आहे. कुठे थांबायचे, हे ठरवणे अवघड. नांदेड-लातूरकडच्या मित्रांनो, आपल्या गावात पहिला कर्णा कोणी आणला, तो कशावर वाजला, हे जुन्या मंडपवाल्यांना आजच विचारून लिहून ठेवा. हा इतिहास दफ्तरांत क्वचितच सापडेल. तो त्यांच्याच आठवणीत आहे.