नजरबादचे दगड, टिपूची पुस्तके आणि ट्युनिसचा पंडित

सध्याची पोस्टिंग मैसूरची आहे. राजवाड्याच्या पूर्वेला नजरबाद मोहल्ला आहे. टिपू सुलतानाने मैसूरचा जुना किल्ला पाडला आणि त्याच दगडांनी इथे नवा किल्ला बांधायला घेतला. १७९९ मध्ये टिपू पडला, तेव्हा तेच दगड पुन्हा मैसूरला नेण्यात आले. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश माणसाने १८०० च्या प्रवासात हे लिहून ठेवले आहे.

दगड परत गेले, पण पुस्तके गेली नाहीत. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपूचे सुमारे दोन हजार हस्तलिखितांचे ग्रंथालय कंपनीच्या हाती लागले. त्यातली बरीच पुस्तके कलकत्त्याला आणि नंतर लंडनला पोहोचली. कंपनीचाच एक मेजर, चार्ल्स स्टुअर्ट, याने १८०९ मध्ये त्यांची यादी छापली. त्यात सूफी विचार, नीतिशास्त्र, कायदा, ज्योतिष असे विभाग आहेत. स्टुअर्ट हेही नोंदवतो की यातली फारच थोडी पुस्तके हैदर किंवा टिपूने विकत घेतली होती. बहुतेक सावनूर, कडपा आणि कर्नाटकच्या लुटीतली होती. म्हणजे ही लुटीचीच लूट.

आता थोडे आफ्रिकेकडे वळू. इब्न खल्दून १३३२ मध्ये ट्युनिसमध्ये जन्मला आणि १४०६ मध्ये कैरोत वारला. राज्ये का उभी राहतात आणि का कोसळतात, हा त्याच्या 'मुकद्दिमा' या ग्रंथाचा विषय. टोळीची एकजूट राज्य मिळवून देते, पुढच्या पिढ्या ऐषारामात ती एकजूट गमावतात आणि मग खर्चासाठी रयतेवर कर वाढतो, असे तो सांगतो. जुलूम झाला की शेती आणि व्यापार उठतो, हे त्याचे ठाम मत. त्यासाठी तो एक जुने इराणी सूत्रही देतो. राज्य फौजेवर टिकते, फौज पैशावर, पैसा रयतेच्या कष्टावर आणि रयत न्यायावर. हेच चक्र पंधराव्या शतकात इराणच्या जलालुद्दीन दव्वानीच्या नीतिग्रंथातही आहे. असे फारसी नीतिग्रंथ मोगल दरबारच्या शिक्षणाचा भाग होते.

फ्रेंचांनी १८३० मध्ये अल्जीरिया जिंकायला सुरुवात केली. तिथल्या टोळ्यांवर राज्य करायचे, तर त्यांचा इतिहास हवा. म्हणून इब्न खल्दूनचा बर्बरांवरचा ग्रंथ १८४७ पासून अल्जियर्समध्ये छापला गेला, तोही फ्रेंच युद्धमंत्र्याच्या हुकमावरून. श्रीरंगपट्टण असो वा अल्जियर्स, जिंकलेल्यांचे विचार जिंकणाऱ्यांच्या दप्तरात जमा झाले. पुढे आपणही आपला इतिहास बराचसा त्याच दप्तरांतून वाचला.

तेवढ्यावरून सगळा दोष साहेबावर टाकता येत नाही. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. दाणा-वैरण जपून वापरा, रयतेला तोशीस देऊ नका, गवताच्या काडीलाही हात लावू नका, असा त्याचा आशय. महाराजांनी इब्न खल्दून वाचला होता, असे मी म्हणत नाही. पण रयत नाडली तर फौज उपाशी मरते, हे दोघांनाही कळले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही आरमारासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत असे बजावले आहे.

आणि १७९१ मध्ये? परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेची मूर्ती पुन्हा बसवण्यासाठी मदत पाठवली ती टिपूने. त्याची कन्नड पत्रे १९१६ मध्ये मठात सापडली. याच टिपूने कोडगूच्या हजारो माणसांना घरादारातून उचलून श्रीरंगपट्टणला नेले. आपल्या सोयीची एक गोष्ट उचलायची आणि दुसरी झाकायची, हे दोन्ही बाजूंचे लोक आजही करतात. कोडगूच्या मित्रांसमोर टिपूचे कौतुक करायचे आणि शृंगेरीत मराठ्यांचा अभिमान मिरवायचा, तर दोन्ही ठिकाणी आधी उत्तर द्यावे लागते.

स्वातंत्र्यानंतर ही पुस्तके आपण आपल्या डोळ्यांनी वाचू शकतो. पण ती केवळ 'त्यांची' किंवा 'आपली' म्हणून वाचली, तर साहेबाच्या यादीतले खाने तसेच राहतील. रयतेचे काय झाले, हा प्रश्न टिपूला विचारायचा, पेशव्यांच्या सरदारांना विचारायचा आणि कंपनीलाही. ट्युनिसचा पंडित सगळ्यांना तोच विचारत होता.

आपण वर्दीतली माणसे त्या चक्रातला फौजेचा भाग. आपला पगार कुठून येतो, हे त्याने सहाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. गावाजवळ कॅम्प पडला की शेताचा बांध न तुडवता गाडी फिरवायची, हे आपल्याला शिकवले जाते. त्यामागचा विचार फार जुना आहे, आणि तो एका धर्माचा किंवा एका खंडाचा नाही.

जय हिंद.