हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक-बदल : मुंबई व गोव्यातील फुटबॉल क्लबांच्या इतिहासाच्या आधारे एक विचार

सतत हरणाऱ्या फुटबॉल क्लबने आपल्या प्रशिक्षकाला हंगामाच्या पूर्वार्धातच दूर करावे काय, हा प्रश्न वरकरणी वृत्तपत्राच्या क्रीडापानापुरता वाटतो. शिवाय धाराशिव जिल्ह्यात व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही. येथील मैदाने खो-खो आणि कबड्डीची, आखाडे कुस्तीचे. २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळविणाऱ्या खो-खोपटू सारिका काळे याच जिल्ह्याच्या. अशा खेळांत मार्गदर्शक आणि खेळाडू यांचे नाते वर्षानुवर्षांचे असते. एक स्पर्धा हरली म्हणून वस्तादाला आखाड्यातून काढल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. असे असले तरी अपयशाच्या काळात कारभाऱ्याला हटवावे की त्याला मुदत द्यावी, हा पेच या जिल्ह्याला परका नाही. साखर कारखान्याचा गाळप हंगाम तोट्यात गेला की कार्यकारी संचालक बदलण्याची चर्चा सुरू होते; सहकारी बँक अडचणीत आली की प्रशासकाची मागणी होते. सहकाराच्या क्षेत्रात निर्वाचित मंडळ दूर करण्यापूर्वी नोटीस देणे आणि बाजू मांडण्याची संधी देणे कायद्याने आवश्यक मानले आहे. फुटबॉल प्रशिक्षकाला तेवढीही संधी मिळतेच असे नाही. म्हणूनच मालकाचा निर्णय जेथे सर्वांत वेगाने होतो आणि त्याचा परिणाम गुणतक्त्यावर जेथे सर्वांत स्पष्ट नोंदला जातो, ते क्षेत्र अभ्यासकाला उपयुक्त ठरते.

फुटबॉलकडे वळण्यापूर्वी या भूभागाच्याच इतिहासातील एक दाखला ध्यानात घ्यावा. राजा चंदुलाल यांनी १८४३ मध्ये पद सोडल्यानंतर हैदराबाद संस्थानात पुढील दहा वर्षे दिवाण वरचेवर बदलले गेले. या काळात कर्ज वाढले, फौजेचा खर्च थकला आणि अखेर १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या हवाली करावा लागला. त्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, सालारजंग दिवाण झाले आणि १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. धाराशिवचा मुलूख १८६० मध्ये संस्थानाला परत मिळाला. जिल्हाबंदीसह महसुली व्यवस्थेची पुनर्रचना त्यांच्याच कारकिर्दीत झाली. दिवाण सतत बदलल्यामुळे संस्थान बुडाले आणि एक दिवाण टिकल्यामुळे ते सावरले, असा सोपा अर्थ यातून काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. संस्थानच बुडत असल्यामुळे दिवाण टिकत नव्हते, असेही म्हणता येईल. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सालारजंग यांनाही पदावरून दूर करण्याचे प्रयत्न निजामाच्या दरबारात झाले होते. ते फसले याचे एक प्रमुख कारण म्हणजे ब्रिटिश रेसिडेंटचा दबाव. मालकाचा धीर हा येथे मालकाचा गुण नव्हता. त्याचा हात धरणारा कोणीतरी होता.

कार्य आणि कारण यांची ही गुंतागुंत समाजशास्त्रज्ञांनी खेळाच्या संदर्भात साठ वर्षांपूर्वीच ओळखली. ऑस्कर ग्रस्की यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील बेसबॉल संघांचा अभ्यास मांडला. ज्या संघात व्यवस्थापक वारंवार बदलले, त्या संघाची कामगिरी सामान्यतः निकृष्ट होती आणि अशा बदलांमुळे संघात अस्थिरता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढच्याच वर्षी गॅमसन आणि स्कॉच यांनी त्यावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते व्यवस्थापकाचा प्रभाव मुळातच मर्यादित असतो. त्याची हकालपट्टी हा प्रेक्षकांना आणि मालकांना समाधान देणारा एक विधी आहे. थोडक्यात, तो बळीचा बकरा. नेदरलँड्समधील १९८६ ते २००४ या काळातील सामन्यांच्या आधारे बास टर वील यांनी २०११ मध्ये जे दाखविले ते अधिक नेमके आहे. प्रशिक्षक बदलल्यानंतर संघ सावरतो हे खरे. परंतु तितकीच घसरण होऊनही ज्या संघांनी प्रशिक्षक कायम ठेवला, तेही तितकेच सावरतात. वर्गातील हुशार विद्यार्थी एका चाचणीत गडगडला तर पुढच्या चाचणीत तो बहुधा आपल्या नेहमीच्या पातळीवर येतो, मग मधल्या काळात शिकवणी बदललेली असो वा नसो. दहा संघांच्या लीगमध्ये प्रत्येक संघ अठराच सामने खेळतो. त्यांतील पहिल्या पाच-सहा सामन्यांत खांबाला लागून परतलेला चेंडू, एखाद्या बचावपटूची दुखापत आणि पंचाचा एक निर्णय यांचा वाटा किती आणि प्रशिक्षकाचा किती, हे सांगणे जवळजवळ अशक्य असते.

धीर धरावा असे सांगणारे लेखक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचे नाव हमखास घेतात. १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडची सूत्रे घेतलेल्या फर्ग्युसन यांना पहिला करंडक १९९० मध्ये मिळाला, तोही त्यांच्या हकालपट्टीची उघड चर्चा सुरू असलेल्या हंगामात. हा दाखला चुकीचा नाही. मात्र तो एकांगी आहे. ज्या क्लबांनी धीर धरला आणि तरीही जे बुडाले त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

आपल्याकडचा फर्ग्युसन शोधायचाच झाला तर तो गोव्यात सापडतो. आर्मांदो कुलासो यांनी २००० च्या सुमारास धेंपो क्लबची धुरा घेतली आणि क्लबला पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद २००४-०५ मध्ये मिळाले. त्यानंतर २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी आणखी चार विजेतेपदे आली. कुलासो २०१३ मध्ये क्लबपासून दूर झाले. त्यानंतर परदेशी प्रशिक्षकांचे प्रयोग झाले आणि २०१४-१५ च्या हंगामाअखेर धेंपो आय-लीगमधून खाली घसरला. या सलग कारकिर्दीमागे एका उद्योगसमूहाची स्थिर मालकी आणि गोव्यातच घडलेल्या खेळाडूंचा पुरवठा होता, हे विसरून चालणार नाही.

मुंबई सिटी एफसीचा २०१८-१९ चा हंगाम लहान असला तरी बोलका आहे. पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा नव्याने आले होते आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये संघ गोव्यात ०-५ असा हरला. इंडियन सुपर लीगच्या त्या वातावरणात अशा पराभवानंतर प्रशिक्षकाची गच्छंती झाली असती तर कोणालाही नवल वाटले नसते. क्लबने त्यांना ठेवले. पुढे संघ दीर्घकाळ अपराजित राहिला आणि तिसऱ्या क्रमांकाने उपान्त्य फेरीत पोहोचला. तेथे पुन्हा गोव्यानेच त्यांना मुंबईत ५-१ असे लोळविले, हा भाग वेगळा.

याच गोवा क्लबने दोन वर्षांत उलट्या बाजूचा धडा दिला. स्पेनचे सर्जिओ लोबेरा २०१७ पासून एफसी गोवाचे प्रशिक्षक होते. २०१९ चा सुपर कप त्यांनी जिंकून दिला होता. ३१ जानेवारी २०२० रोजी, साखळीचे तीन सामने शिल्लक असताना आणि संघ अग्रस्थानाच्या शर्यतीत असताना, त्यांना पदमुक्त करण्यात आले. संघाची सूत्रे क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे गेली. तांत्रिक संचालक डेरिक परेरा सोबतीला होते. उरलेले तिन्ही सामने गोव्याने जिंकले, त्यांतील शेवटचा जमशेदपूरविरुद्ध ५-० असा. साखळीतील अव्वल स्थानाची ढाल आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान त्यांना मिळाला. निर्णय यशस्वी ठरला, असे तक्ता सांगतो. पण उपान्त्य फेरीत चेन्नईयिनने एकूण ६-५ अशा गोलफरकाने गोव्याला बाहेर काढले आणि लोबेरा मुंबई सिटीकडे गेले. तेथे २०२०-२१ मध्ये त्यांनी ढाल आणि करंडक दोन्ही जिंकले; वाटेत उपान्त्य फेरीत पेनल्टी शूटआउटवर हरविलेला संघ होता एफसी गोवा. तीन विजयांचे श्रेय हकालपट्टीला द्यायचे असेल तर या पराभवाची जबाबदारीही तिच्याच खात्यावर मांडावी लागेल. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही हिशेब तितकेच कच्चे आहेत. त्यातून खात्रीने एवढेच म्हणता येते की, संघाची घडी विस्कटली नाही, कारण जबाबदारी घेणारी माणसे आधीपासून घरातच होती.

गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्येही हेच दिसते. जानेवारी २०२१ मध्ये जेरार्ड नुस यांच्यानंतर सहायक प्रशिक्षक खालिद जमील यांना हंगामी जबाबदारी मिळाली. साखळीतील उरलेल्या सामन्यांत संघ एकदाही हरला नाही आणि उपान्त्य फेरीपर्यंत गेला. हकालपट्टीच्या समर्थकांना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. मात्र तेच जमील २०२१-२२ च्या पूर्ण हंगामात त्याच क्लबचे मुख्य प्रशिक्षक होते आणि अकरा संघांत नॉर्थईस्टचा क्रमांक दहावा लागला. एक वर्षापूर्वीचा चमत्कार प्रशिक्षकाचा मानायचा, तर ही घसरण कोणाची मानायची?

जमील यांच्या नावाबरोबर मुंबई एफसीचा विषय ओघाने येतो आणि या लेखातील खरा गंभीर भाग तोच आहे. २००७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब मुंबई सिटीहून सर्वस्वी निराळा. कूपरेज मैदानाशी जोडलेला, माफक खर्चाचा. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाल्यावर राष्ट्रीय स्तरावर मुंबईच्या खेळाडूंना आधार देणाऱ्या मोजक्या संघांपैकी तो एक होता. जमील २००९ पासून २०१६ पर्यंत त्याचे प्रशिक्षक होते. संघ विजेतेपदाच्या जवळपास कधी गेला नाही. त्याचा खेळ आकर्षक नव्हता, बचावावर भर देणारा होता आणि त्यावर टीकाही होई. मात्र या साऱ्या वर्षांत क्लब आय-लीगमधून खाली घसरला नाही. २०१६ मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्यांच्या जागी अनुभवी संतोष कश्यप आले. निकाल बिघडू लागले तेव्हा २०१६-१७ चा हंगाम चालू असतानाच कश्यप यांना दूर करून स्पेनच्या ऑस्कर ब्रुझोन यांना आणण्यात आले. ब्रुझोन यांना गोव्यातील क्लब फुटबॉलचा अनुभव होता. तरीही संघ सावरला नाही. मुंबई एफसी तळाला राहून खाली घसरला आणि त्यानंतर बंदच पडला.

त्याच लीगमध्ये, त्याच हंगामात, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सनेही प्रशिक्षक बदलला होता. आल्फ्रेड फर्नांडिस यांच्या जागी डेरिक परेरा आले आणि क्लबने आपले स्थान राखले. म्हणजे बदल हा नेहमीच घातक असतो असे नाही. परेरा बाहेरून आले असले तरी गोव्याच्या फुटबॉलमध्येच वाढलेले होते. मैदानावरच्या बहुतेक मुलांना ते पूर्वीपासून ओळखत असणार. ब्रुझोन यांना कूपरेजवर ती ओळख जोडण्याइतका अवधीच नव्हता. म्हणून लवकर हकालपट्टी करावी काय, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारला गेला पाहिजे : उद्या सकाळी सरावाला कोण उभे राहणार आहे? त्याचे उत्तर क्लबकडे तयार असेल आणि खेळाडूंचा प्रशिक्षकावरील विश्वास खरोखरच उडाला असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. केवळ गुणतक्ता पाहून पाचव्या-सहाव्या सामन्यानंतर घेतलेला निर्णय मात्र समर्थनीय वाटत नाही. लेस्टर सिटीने २०१६ मध्ये इंग्लंडचे विजेतेपद मिळवून देणाऱ्या क्लॉडिओ रानिएरी यांना नऊ महिन्यांत काढले. त्यांच्या जागी घरातलेच क्रेग शेक्सपिअर आले आणि संघ बाराव्या स्थानावर स्थिरावला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शेक्सपिअर यांनाही काढण्यात आले. एकदा लागलेली सवय सहज सुटत नाही.

मुंबई एफसीच्या त्या तीन प्रशिक्षकांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. खालिद जमील मुंबईहून मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले होते. आदल्या हंगामाअखेर खाली घसरलेल्या आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळेच परत प्रवेश मिळालेल्या त्या छोट्या क्लबला त्यांनी एप्रिल २०१७ मध्ये आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले, म्हणजे नेमक्या त्याच हंगामात ज्यात त्यांचा जुना क्लब तळाला होता. २०२५ मध्ये ते भारतीय पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. ऑस्कर ब्रुझोन यांनी बांगलादेशात बशुंधरा किंग्जला सलग राष्ट्रीय विजेतेपदे जिंकून दिली. संतोष कश्यप यांच्याकडे २०२४ मध्ये भारतीय महिला संघाची जबाबदारी आली. तिघांपैकी कोणालाही अपात्र म्हणता येणार नाही, आणि ज्या क्लबने अवघ्या वर्षभरात या तिघांना आलटून-पालटून त्या एका खुर्चीवर पाहिले तो क्लब आज अस्तित्वात नाही. त्या खुर्चीच्या वर बसलेल्यांचे निर्णय, खेळाडूंची खरेदी आणि अंदाजपत्रक यांची चिकित्सा कोणत्याही गुणतक्त्यात नोंदली जात नाही.