डिस्को बेटावरील लोखंड

लोखंड आपल्या इतक्या नित्य परिचयाचें आहे कीं, सृष्टींत तें धातुरूपानें जवळजवळ आढळतच नाहीं, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. प्राणवायूशीं त्याचा संयोग इतका दृढ असतो कीं, खाणींतून निघतें तें त्याचें अशुद्ध रूप. तें कोळशाबरोबर भट्टींत तापवावें, तेव्हां कोठें धातु हातीं लागतो. म्हणून उघड्या माळावर लोखंडाचा गोळा दिसला, कीं तो आकाशांतून पडलेला अशनि असावा, असें अनुमान शास्त्रज्ञ करितात. आणि बहुधा तें खरेंही ठरतें.

1870 सालीं स्वीडनचा संशोधक नॉर्डेनशील्ड यानें हेंच अनुमान केलें. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत, 70 उत्तर अक्षांशाच्या आसपास, डिस्को नांवाचें बेट आहे. त्याच्या दक्षिण तीरावर ओविफाक येथें लोखंडाचे प्रचंड गोळे त्याच्या दृष्टीस पडले. सर्वांत मोठ्याचें वजन वीस टनांहून अधिक. दुसऱ्याच वर्षीं ते जहाजांतून युरोपास नेण्यांत आले. नॉर्डेनशील्ड कांहीं उथळ मनुष्य नव्हता. 1878-79 मध्यें आशियाच्या उत्तरेचा जलमार्ग प्रथम पार करणारा तो हाच. शिवाय उत्तर ग्रीनलंडांतील इनुइट लोकांजवळ लोखंडी पात्यांच्या सुऱ्या जॉन रॉस यानें 1818 मध्येंच पाहिल्या होत्या, आणि तें लोखंड खरोखर अशनींचें होतें. डिस्कोच्या लोखंडांत अशनींप्रमाणें निकेलही सांपडलें. मग शंका कशाला घ्यावयाची?

शंका खडकानें उत्पन्न केली. भोंवतालच्या काळ्या पत्थरांतही लोहकण विखुरलेले होते. शिलारस तप्त असतांनाच त्यांत अशनींचा वर्षाव झाला, असें नॉर्डेनशील्डनें त्याचें समाधान केलें. परंतु डेन्मार्कचा भूगर्भशास्त्रज्ञ स्टेनस्ट्रुप यास तें पटेना. तो पुनःपुन्हा त्या प्रदेशांत गेला, आणि बेटाच्या उत्तर बाजूस असुक येथेंही पत्थराच्या पोटांत तसेच लोहकण त्याला मिळाले. एवढ्या दूरच्या स्थळींही वर्षाव नेमका तप्त रसांतच व्हावा, हें संभवनीय नव्हतें.

उलगडा असा : सुमारें सहा कोटी वर्षांपूर्वीं वर येणारा शिलारस कोळशाच्या व कर्बयुक्त चिखलखडकाच्या थरांतून गेला. कर्बानें लोखंडाचा प्राणवायु हिरावून घेतला व धातु मोकळा झाला. मनुष्याची भट्टी जें करिते, तेंच येथें भूमीनें केलें. आपल्या सह्याद्रीचा पत्थरही याच जातीचा, वयानें थोडा वडीलच. त्यांतही लोखंड विपुल आहे, परंतु प्राणवायूच्या बंधनांत.

या लोखंडाची खाण कधींच निघाली नाहीं. बेटावर कुल्लिसाट येथें 1924 ते 1972 पर्यंत खाण चालली, ती कोळशाची. युरोपांत नेलेल्या नमुन्यांपैकीं कांहीं तर संग्रहालयाच्या उबेंत भेगाळून भुगा झाले.

1879 मध्यें स्टेनस्ट्रुपला एका जुन्या इनुइट थडग्यांत हाडाच्या मुठींत बसविलेलीं लोखंडी पातीं सांपडलीं, आणि त्यांजवळच लोहकणयुक्त पत्थराचे तुकडे. पंडित ज्याचें मूळ आकाशांत शोधीत होते, तें लोखंड कोण्या अनाम कारागिरानें केव्हांच पायाखालचा खडक फोडून काढलें होतें. शास्त्राला हा निर्णय करावयास अनेक वर्षें लागलीं. कारण गोळे तेवढे जहाजांत चढले, आणि त्यांची जन्मकथा सांगणारा कडा मागें किनाऱ्यावरच राहिला.